ऐकणाऱ्याचा चेहरा आणि तीन हजार शॉट : प्रबंधाचा माझा अनुभव

चित्रपट आणि संज्ञापन या विषयातल्या मास्टर्सच्या प्रबंधासाठी माझा पहिला प्रश्न होता, 'कौटुंबिक चित्रपटांत सत्तेचं चित्रण कसं होतं?' गाइडनी तो परत पाठवला आणि ते बरोबरच होतं. उत्तर म्हणून पडद्यावर नेमकं कुठे बोट ठेवायचं, हेच त्या प्रश्नात नव्हतं. बऱ्याच घासाघिशीनंतर उरलेला प्रश्न असा: दोन माणसं बोलत असताना कॅमेरा बोलणाऱ्यावर असतो की ऐकणाऱ्यावर, आणि घरात ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याला चित्रपट ऐकताना दाखवतो का? आता निदान मोजायला सुरुवात करता येत होती.

सिनॉप्सिसमध्ये सहा चित्रपट होते. आधी हिशेब केला असता तर तीनच लिहिले असते. १०० मिनिटांचा चित्रपट म्हणजे ६,००० सेकंद. शॉटची सरासरी लांबी ६ सेकंद धरली तर १,००० शॉट. प्रत्येक शॉटला सात रकाने भरायला दीड मिनिट लागतं, म्हणजे एका चित्रपटाला २५ तास. सहाचे १५० तास, आणि ही नुसती पहिली नोंद. व्याख्या बदलली की त्यातलं निम्मं काम पुन्हा येतं, आणि व्याख्या बदलतेच. म्हणून तीन चित्रपट, एकाच दशकातले, सगळे संवादावर चालणारे. हे निकष सिनॉप्सिसमध्येच लिहून ठेवावेत. 'हेच का निवडले?' हा प्रश्न व्हायव्हात येणार हे ठरलेलं, आणि 'मिळाले म्हणून' हे उत्तर चालत नाही.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात: आपल्या हातात चित्रपटाची कोणती प्रत आहे ते तपासणं. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो. पाल या जुन्या टीव्ही-प्रसारण पद्धतीच्या डीव्हीडीवर तो साधारणपणे २५ फ्रेमने धावतो, त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि ६ सेकंदांची सरासरी ५.७६ वर येते. दोन चित्रपट २४ चे आणि एक २५ चा घेतला, तर त्या एकाचं संकलन 'वेगवान' निघेल. वेग मात्र डिस्कचा असेल, संकलकाचा नाही. मूकपट असेल तर गुंता आणखी वाढतो, कारण तेव्हा चित्रणाचा आणि प्रक्षेपणाचा वेग ठरलेला नसायचा.

माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने याहून मोठा धोका चौकटीचा होता. उंचीच्या २.३९ पट रुंदीचा चित्रपट जुन्या १.३३ पट रुंदीच्या टीव्हीसाठी कापला की रुंदीचा ४४ टक्के भाग जातो. टू-शॉटमध्ये, म्हणजे दोघं एकाच चौकटीत असताना, एका टोकाला बोलणारा, दुसऱ्या टोकाला ऐकणारा असेल, तर प्रत करणारा तंत्रज्ञ एकतर चौकट सरकवतो किंवा मूळ चित्रपटात नसलेला कट टाकतो. बहुतेक वेळा बोलणारा ठेवला जातो आणि ऐकणारा कडेच्या बाहेर पडतो. अशा प्रतीवर ऐकणाऱ्यांची मोजणी करणं म्हणजे त्या तंत्रज्ञाचा अभ्यास करणं. प्रतीचं गुणोत्तर, फ्रेमचा वेग आणि एकूण लांबी मी कोडबुकच्या, म्हणजे नोंदीच्या नियमांच्या वहीच्या, पहिल्याच पानावर लिहिली.

आता नोंद. टाइमकोड स्प्रेडशीटमध्ये तसाच लिहू नका. '१२:०८' लिहिलं की स्प्रेडशीट त्याला दुपारचे बारा वाजून आठ मिनिटं समजते आणि पुढच्या सगळ्या बेरजा बिघडतात. मी फ्रेम क्रमांक लिहिले. ००:१२:०७:१७ (तास, मिनिटं, सेकंद, फ्रेम) म्हणजे ७२७ सेकंद गुणिले २४, अधिक १७, म्हणजे फ्रेम १७,४६५. पुढचा शॉट १७,५३४ वर सुरू होत असेल तर या शॉटची लांबी ६९ फ्रेम, म्हणजे २.८७५ सेकंद. लांबी नेहमी पुढच्या शॉटच्या सुरुवातीतून या शॉटची सुरुवात वजा करून काढायची. शेवटची फ्रेम लिहून वजाबाकी केली तर प्रत्येक शॉटला एक फ्रेम गळते, हजार शॉटमध्ये जवळपास ४२ सेकंद. सगळ्या लांब्यांची बेरीज चित्रपटाच्या (श्रेयनामावली सोडून) लांबीइतकी आलीच पाहिजे. नाही आली तर पुढे जायचं नाही. माझ्या नोंदींतल्या बहुतेक चुका या एका बेरजेने पकडल्या.

कट आपोआप शोधणारी सॉफ्टवेअर आहेत. पहिली चाळणी म्हणून ती वापरावीत, पण ती फ्लॅशच्या उजेडाला किंवा जोरात फिरलेल्या कॅमेऱ्याला कट समजतात आणि संथ डिझॉल्व (एक चित्र विरत दुसरं उमटणं) त्यांच्या नजरेतून सुटतो. डिझॉल्वमध्ये शॉट कुठे बदलला धरायचा? मी मधली फ्रेम धरली. वेगळं काही धरलं तरी चालेल, फक्त एकदा धरलं की सगळीकडे तेच. श्रेयनामावली मोजणीतून वगळली.

सरासरीबद्दल एक सावधगिरी. शॉटच्या सरासरी लांबीवरून शैली मोजायची पद्धत चित्रपट-अभ्यासक बॅरी सॉल्ट यांनी १९७४ साली मांडली आणि ती अजूनही वापरात आहे, पण शॉटच्या लांब्या एका बाजूला झुकलेल्या असतात. नऊ शॉट ४ सेकंदांचे आणि एक १२४ सेकंदांचा असेल तर सरासरी १६ येते, आणि त्या प्रसंगात १६ सेकंदांच्या आसपासचा एकही शॉट नसतो. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ४ येतो. दोन्ही आकडे द्यावेत.

खरी परीक्षा कोडिंगची, म्हणजे व्याख्येप्रमाणे प्रत्येक शॉटवर शिक्का मारण्याची. माझा मुख्य रकाना होता 'शॉटमध्ये ऐकणारा मुख्य आहे का', हो किंवा नाही. नियम साधा होता: अर्ध्याहून जास्त वेळ ज्याची भूमिका असेल ती धरायची. चाचणीसाठी मी आणि एका वर्गमित्राने तेच १०० शॉट एकमेकांशी न बोलता कोड केले. दोघांचाही 'नाही' असे ८८, दोघांचाही 'हो' असे २, माझा 'हो' त्याचा 'नाही' असे ५, उलटे ५. शंभरात नव्वद जुळले म्हणून मी खूश, आणि गाइड अजिबात खूश नाहीत.

कारण असं. आम्ही दोघांनी प्रत्येकी ७ शॉटना 'हो' म्हटलं होतं. डोळे मिटून, फक्त त्याच प्रमाणात शिक्के मारले असते तरी ०.०७ चा वर्ग अधिक ०.९३ चा वर्ग, म्हणजे ०.८६९८ इतकी जुळणी नुसत्या योगायोगाने आली असती. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला कप्पा (ग्रीक अक्षरावरून नाव पडलेला जुळणीचा निर्देशांक) हा योगायोग वजा करतो: ०.९० वजा ०.८६९८, भागिले १ वजा ०.८६९८. उत्तर ०.२३. आशय-विश्लेषणाचे अभ्यासक क्लाउस क्रिपेनडॉर्फ त्यांच्या अल्फा या अशाच निर्देशांकासाठी ०.८०० ची अपेक्षा ठेवतात आणि ०.६६७ च्या खाली निष्कर्षच काढू नका म्हणतात. कप्पा आणि अल्फा वेगळे आहेत, पण ०.२३ कोणत्याच हिशेबात बसत नाही. गोष्ट दुर्मीळ असली की टक्केवारी फसवते. माझा तर अख्खा प्रबंधच त्या दुर्मीळ गोष्टीवर उभा होता.

इथे दोन आडवाटा खुणावतात. एक म्हणजे दोघांनी बसून, चर्चा करून मतं जुळवायची आणि तोच कप्पा पुन्हा काढायचा. ही फसवणूक आहे. चर्चेनंतरची जुळणी नव्या शॉटवरच तपासायची असते. दुसरी वाट म्हणजे रकानाच गाळायचा. मी दोन्ही सोडून न जुळलेले दहा शॉट काढले आणि फ्रेम फ्रेम पुढे सरकवत पाहिले.

त्यातला एक तोच, १७,४६५ ते १७,५३४. आई दाराशी उभी, मुलगा प्रश्न विचारतोय. प्रश्न अर्धा असतानाच कट होऊन आईचा चेहरा येतो. पहिल्या ३१ फ्रेम मुलाचाच आवाज. मग ९ फ्रेम शांतता. मग २९ फ्रेम आई बोलते. ३१ फ्रेम म्हणजे ४५ टक्के ऐकणं, २९ म्हणजे ४२ टक्के बोलणं. अर्ध्याहून जास्त काहीच नाही. मी तिला ऐकणारी म्हटलं, वर्गमित्राने बोलणारी, आणि नियमाच्या दृष्टीने दोघंही चुकलो होतो.

दहापैकी आठ शॉट याच जातीचे निघाले. संवादाच्या संकलनात आवाज आणि चित्र एकाच जागी कापत नाहीत. कधी आवाज आधी येतो, कधी मागे रेंगाळतो. ऐकणाऱ्याचा चेहरा नेमका त्या सांध्यात असतो. त्याला वेगळा शॉट क्वचितच मिळतो. म्हणजे दोष कोडरचा नव्हता, मापाचा होता. 'शॉट' हे एकक घेऊन मी जे शोधत होते ते शॉटच्या आत, आवाजाच्या कडेला दडलं होतं.

एकक बदललं. शॉटऐवजी बोलण्याची पाळी: एका व्यक्तीचं बोलणं सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत. त्या काळात पडद्यावर किती फ्रेम बोलणाऱ्याचा चेहरा, किती ऐकणाऱ्याचा, किती दोघांचा, किती कोणाचाच नाही. यासाठी स्प्रेडशीट पुरत नाही. नायमेखनच्या माक्स प्लांक मानसभाषाविज्ञान संस्थेचं एलान हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं. त्यात एकाखाली एक पट्ट्या लावता येतात: एक आवाजाची, एक चित्राची, एक कटांची. आवाजाची पट्टी डोळे पडद्यावरून काढून, फक्त लहरीकडे बघत भरायची. चित्र दिसत असलं की ओठ हलताना पाहून आपण सीमा नकळत पुढेमागे करतो. दोन कोडरांच्या सीमेत ६ फ्रेम, म्हणजे पाव सेकंदापर्यंतचा फरक चालेल असं ठरवलं आणि ते लिहिलं.

व्याख्याही घट्ट केल्या. 'चेहरा' म्हणजे किमान एक डोळा दिसला पाहिजे. खांद्यावरून घेतलेल्या शॉटमध्ये पाठमोरा माणूस मोजायचा नाही. चित्रमानाला (क्लोज-अप, मिडशॉट वगैरे) शरीराच्या रेषा लावल्या: खांद्यापर्यंत, कमरेपर्यंत, गुडघ्यापर्यंत, पूर्ण. शॉटमध्ये चित्रमान बदलत असेल तर सुरुवातीचं आणि शेवटचं असे दोन रकाने. या रकान्याला साधा कप्पा लावू नये, कारण क्लोज-अप आणि मिडशॉटमधला गोंधळ आणि क्लोज-अप आणि लाँग शॉटमधला गोंधळ त्याच्या लेखी सारखाच. मोठ्या चुकीला जास्त वजन देणारा भारित कप्पा घ्यावा.

नव्या नियमांनी, नव्या नमुन्यावर कप्पा ०.८१ आला. आधीचं सगळं कोडिंग अर्थातच रद्द. महिन्याभराने मी पहिल्या आठवड्यातल्या ५० पाळ्या जुन्या नोंदी न बघता पुन्हा कोड केल्या. दुसऱ्याशी जुळतं पण आपलं आपल्याशी जुळत नाही, असंही होतं.

संख्याशास्त्राचा मोह आवरावा. तीन हजार शॉट किंवा दोन हजार पाळ्या टाकून काय-वर्ग चाचणी (फरक योगायोगाचा आहे का ते तपासणारी) केली की सगळंच 'लक्षणीय' येतं. पण एका संवादातले शॉट एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. कॅमेरा तुझ्यावर, माझ्यावर, तुझ्यावर असा आळीपाळीने जातो. मी प्रसंग हे एकक धरून प्रमाणं काढली. उदाहरणं कमी झाली, दावे लहान झाले आणि परीक्षकांनी त्या प्रकरणाला हातही लावला नाही.

लिहिताना प्रत्येक आकड्याखाली एक प्रसंग ठेवला. 'ऐकणाऱ्याचा चेहरा इतके टक्के' ही ओळ एकटी काही सांगत नाही. तिच्या खाली त्या ६९ फ्रेम आल्या, की आईचं उत्तर प्रश्न संपण्याआधीच तिच्या चेहऱ्यावर आलेलं असतं हे वाचणाऱ्याला दिसतं. पद्धतीचं प्रकरण आधी लिहावं, विश्लेषण मग, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. फ्रेमची चित्रं पीएनजीमध्ये काढावीत, आणि छापण्याआधी एक पान छापून बघावं: पडद्यावर छान दिसणारा रात्रीचा प्रसंग कागदावर काळा ठोकळा होतो. मला चार चित्रं बदलावी लागली.

व्हायव्हात शॉटची व्याख्या विचारली, निवडीचे निकष विचारले, आणि ०.२३ चा आकडा प्रबंधात का ठेवला हे विचारलं. ठेवला होता, तक्त्यासकट, कारण एकक का बदललं याचा तोच पुरावा. किरकोळ दुरुस्त्यांत दोन गोष्टी आल्या: परिशिष्टात कोडबुकच्या दोन्ही आवृत्त्या जोडा, आणि प्रत्येक आकृतीखाली टाइमकोडबरोबर प्रतीचा फ्रेम वेगही द्या.