दोन तोळ्यांचं विमान

स्मरणिकेत बाकीचे सगळे बोर्डाचे निकाल, गॅदरिंग आणि गणिताच्या सरांची छडी यावरच लिहिणार हे दिसतंच आहे, म्हणून मी कार्यानुभवाच्या तासाबद्दल लिहितो. नवीन पोरांना खरं वाटणार नाही पण आपल्या शाळेत तेव्हा विमानं बनायची, बाल्साच्या (एकदम हलकं लाकूड) काड्यांचा सांगाडा, वरून कागद, नाकाला पंखा आणि पोटात पीळ भरलेलं रबर, बस्स. बाल्सा मुंबईहून यायचा, बाकी सगळा माल गावातलाच.

सांगाडा काय कोणीही चिकटवेल हो, खरा खेळ त्याच्या पुढे. सरांचा (नाव लिहीत नाही, त्यांना चाललं नसतं) एकच हट्ट होता, रबर सोडून विमान २ तोळ्यांत बसलं पाहिजे, म्हणजे २३ ग्रॅमच्या आसपास. तोळ्यात का, तर वजन करायला सराफाच्या दुकानात जायचो. आपल्याकडे सोन्याचा काटा जेवढा अचूक तेवढा दुसरा कुठे मिळणार! सांगाडा झाला की काटा, कागद लागला की काटा, डोप (कागदावर मारायचं वार्निशसारखं द्रावण) वाळला की परत काटा. शेठजी गिऱ्हाईक नसलं की हसत मोजून द्यायचे.

कागद लावायचा तो आधी लाकडाला डोपचे दोन-तीन पातळ हात देऊन, मग कोरडा कागद ठेवायचा आणि वरूनच थिनरचा ब्रश फिरवायचा, खालचा डोप मऊ होतो आणि कागद जागच्या जागी धरतो. कागदाचा रेषा, म्हणजे त्याच्या धाग्यांची दिशा, पंखाच्या लांबीत आला पाहिजे, नाहीतर दोन फासळ्यांच्या मध्ये खड्डे पडतात. जपानी टिशू मिळाला तर सोनंच, लांब धाग्यांचा असतो, ओला झाला तरी टिकतो आणि छान आवळतो. एका चौरस मीटरला साधारण १२ ग्रॅम. तो नसला की संक्रांतीचे उरलेले पतंगाचे ताव, पण त्यातल्या काहींचा रंग पाण्याने सुटायचा आणि लाल पंखाशेजारची पिवळी शेपटी केशरी होऊन बसायची.

मग पाणी. कटिंगच्या दुकानातला असतो ना तो फवारा, त्यातून नुसता धुरळा मारायचा, थेंब नाही. ओला कागद आधी लोंबतो, आपल्याला वाटतं गेलं सगळं, आणि वाळताना असा ताणून बसतो की टिचकी मारली तर डफासारखा वाजतो. पण तोच ताण पंख पिळूनही टाकतो, म्हणून वाळेपर्यंत पंख पाटावर टाचण्यांनी बसवून ठेवायचा, आणि दोन्ही टोकांना मागच्या कडेखाली ३ मिलीमीटरची काडी सरकवायची. त्यामुळे टोकं जरा कमी कोनात राहतात आणि वेग पडला तरी विमान एका अंगावर कोसळत नाही. एरोडायनॅमिक्स हा शब्द कॉलेजात ऐकला, ती काडी आठवीतच माहीत होती.

डोप म्हणजे काय ते सांगतानाच्या तासाला पोरं एकदम गप्प झाली होती. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज होतं, ते द्रावकात विरघळवलं की डोप. आणि राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचे पंख तर साध्या सुती मलमलीचे होते. अर्ध्या वर्गाच्या घरी कपाशी, त्यामुळे नंतर आठवडाभर सगळे जिनिंगच्या गाड्यांकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. डोप अर्धा-अर्धा थिनर घालून पातळ करायचा आणि त्यात एरंडेलाचे थोडे थेंब टाकायचे, नाहीतर तो महिनोन्‌महिने आवळत राहतो आणि कागद ठिसूळ होतो. (एरंडेल घरून आणायची जबाबदारी आनंदाने घ्यायचो, तेवढंच पोटात जायचं कमी.) हे काम कायम बाहेर व्हरांड्यात, कारण डोप भडकन पेटतो. शिपाई नाना जवळ आले की सर आधी ओरडायचे, "नाना, आठे बिडी नका पेटाडू हां!"

हवेचं तर विचारूच नका. श्रावणात डोप मारला की पांढरे ढग उमटायचे, थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. कोरड्या दिवशी नुसत्या थिनरचा हलका हात दिला की बऱ्याचदा जायचे. दिवाळीनंतर मात्र खानदेशची हवा या कामाला एक नंबर. मे महिन्यात उलटी तऱ्हा, ४४-४५ डिग्रीत ब्रश पुढे सरकायच्या आधीच मागचं वाळलेलं.

आणि रंग. प्रत्येकाला आपलं विमान एसटीसारखं लालभडक चकचकीत हवं असायचं आणि सर डबा उघडूच द्यायचे नाहीत. बरोबरच होतं त्यांचं, ब्रशने ऑइलपेंट मारला की ४-५ ग्रॅम सहज चढतात, म्हणजे पूर्ण विमानाचा पाचवा हिस्सा, आणि वजन वाढलं की तरंगायला जास्त वेग लागतो आणि रबराचा दम त्यातच संपतो. रंग कागदातच असायचा. पट्टे, आकडे, गोल सगळं रंगीत टिशूतून ब्लेडने कापून पातळ डोपने चिकटवायचं, दाराखिडक्यांच्या रेषा काळ्या शाईने. अगदीच हौस असेल तर रंगीत डोप भरपूर पातळ करून एअरब्रशचा एक धूसर हात, पण एअरब्रश होता कोणाकडे! मला तर आजही रंगवलेल्यापेक्षा नुसत्या टिशूचं विमान भारी वाटतं, उन्हात वर गेलं की फासळ्या आरपार दिसतात.

आता फोमची रेडीमेड येतात, रिमोटवाली, वाईट नाहीत, पडली तरी फुटत नाहीत. पण कार्यानुभवाच्या तासाला हे परत चालू करायचं शाळेच्या मनात असेल तर जपानी कागदाचे थोडे ताव माझ्याकडे आहेत आणि मी शनिवारी यायला तयार आहे. फक्त दिवाळीनंतर ठेवा, पावसाळ्यात नको, आणि सराफाकडे आधी कोणीतरी बोलून ठेवा.