दोघींच्या वेळा जुळवताना

आमच्या जुळ्या मुलींचा जन्म 35 व्या आठवड्यात झाला. थोरलीचे वजन 2 किलो 200 ग्रॅम आणि तिच्यानंतर काही मिनिटांनी आलेल्या धाकटीचे 1 किलो 800 ग्रॅम होते. जुळी बाळे अनेकदा 37 आठवडे भरण्याआधीच येतात, हे ठाऊक असल्यामुळे त्याची आम्हांला फारशी धास्ती वाटली नाही. कसोटी लागली ती घरी आल्यावर. थोरली पिऊन झोपली की धाकटी उठायची, तिचे आटोपेपर्यंत थोरलीला पुन्हा भूक लागायची, आणि सोलापूरचा उन्हाळा चढत असताना मला तासभरही सलग पाठ टेकता येत नव्हती.

कमी दिवसांचे बाळ भुकेने रडेल याची वाट पाहायची नसते, दर दोन-तीन तासांनी त्याला उठवून पाजायचे असते, असे बालरोगतज्ज्ञांनी बजावले होते. त्यावरूनच आम्ही नियम केला की जी आधी जागी होईल तिच्याबरोबर दुसरीलाही उठवायचे. धाकटी दूध ओढताना लवकर दमत असे, म्हणून तिला थोडा वेळ अंगावर पाजून नंतर काढलेले दूध बोंडल्याने द्यावे लागे. ते काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतले. घाई केली तर बाळाला ठसका लागतो, त्यामुळे आधीचा घोट गिळला गेल्याची खात्री होईपर्यंत त्या बोंडले पुढे करत नसत. धाकटीचे वजन भरले त्यात त्यांच्या या धीराचा वाटा फार मोठा आहे. काढलेले दूध चार तास बाहेर टिकते असे सांगितले जाते, परंतु तो हिशेब साधारण 25 अंशांच्या खोलीचा असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 च्या वर जाणाऱ्या आमच्या गावात तो धरून चालणार नव्हता, म्हणून दूध काढले की लगेच पाजायचे, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवायचे, अशी शिस्त आम्ही लावून घेतली.

पाण्यावरून मात्र घरात बरीच चर्चा झाली. “अगं, एवढ्या उन्हात लेकरांच्या घशाला कोरड पडत असेल, चमचाभर पाणी तरी दे,” असे सासूबाई कळवळून म्हणत. आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असते आणि सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला वरचे पाणी लागत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना समजावले, तसेच दिवसरात्रीत निदान सहा लंगोट ओले होत असतील तर बाळाला दूध पुरते आहे असे समजावे, अशी खूणही सांगितली. त्यानंतर त्या स्वतःच दोघींचे लंगोट मोजू लागल्या. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नसल्याने ते लंगोट, दुपटी आणि झबली धुण्याचे सारे नियोजन पाणी येण्याच्या दिवसाभोवती फिरत असे.

वेळा एक झाल्या, तरी नोंदी वेगळ्याच ठेवाव्या लागल्या. माझ्या पतींनी एका वहीत दोन रकाने आखले आणि दूध, शी-शू, औषध हे ज्याने दिले-पाहिले त्याने तेव्हाच लिहायचे ठरले. लसीकरणानंतर याचा विशेष उपयोग झाला. बाळाची वाढ, म्हणजे मान धरणे, पालथे पडणे, हे अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजतात, पण लसी मात्र प्रत्यक्ष जन्मतारखेपासूनच धरतात. त्यामुळे 6, 10 आणि 14 आठवड्यांचे डोस दोघींना बरोबरच मिळाले. ताप दोघींनाही आला. तापाच्या औषधाचे प्रमाण वजनावर ठरत असल्याने दोघींची मात्रा वेगळी होती, आणि रात्री अर्धवट झोपेत एकीलाच दोनदा औषध जाण्याची मला सतत भीती वाटे. म्हणून थोरलीच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या ठेवल्या, धाकटीच्या पायांत वाळे घातले आणि वही पाहिल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, हे सर्वांनी पाळले. जुळ्यांच्या घरात इतर काही जमले नाही तरी ही वही असावी, असे माझे ठाम मत आहे.

सहा महिन्यांनंतर मऊ भात, मुगाचे वरण, नाचणीचे सत्त्व आणि ज्वारीची पेज सुरू केली. एकाच वाटीतून आळीपाळीने भरवणे सोयीचे असले, तरी कोणी किती खाल्ले ते त्यात कळत नाही. म्हणून आम्ही वाट्या दोन ठेवल्या.

आता थोरलीला सकाळची झोप नको असते आणि धाकटीला ती लागतेच. दिवसाच्या वेळा वेगळ्या होऊ द्यायच्या आणि रात्रीची निजानीज तेवढी एकत्र ठेवायची, असे आम्ही ठरवले आहे. 16 ते 24 महिन्यांदरम्यानचे गोवर-रुबेला आणि त्रिगुणीचे डोस अजून व्हायचे आहेत. तेही दोघींना एकाच दिवशी देणार आहोत आणि त्यासाठी पतींनी दुसऱ्या दिवशीचीही रजा आत्ताच मागून ठेवली आहे.