२१ किलोमीटर धावले, तरी निकालात ‘अपूर्ण’

निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे ‘अपूर्ण’ हा शब्द छापला गेला, त्या दिवसापासून तो काढला जाईपर्यंत २६ दिवस गेले. त्या २६ दिवसांची चीड अजूनही पुरती उतरलेली नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. ऑगस्टमधील एका अर्धमॅरेथॉनचे पूर्ण अंतर, म्हणजे २१.०९७ किलोमीटर, मी भर पावसात धावले होते. शेवटच्या रेषेवर गळ्यात पदक पडले, हातात केळे आणि पाण्याची बाटली आली, आणि घरी येऊन मी शांतपणे झोपले. संध्याकाळी निकाल पाहिला, तेव्हा वेळेच्या रकान्यात काहीच नव्हते.

मी १४ वर्षे धावते आहे. सुरुवात केली तेव्हा ३७ वर्षांची होते आणि सलग दोन किलोमीटरही धावता येत नव्हते. आता आठवड्याला ३५ ते ४० किलोमीटर होतात. पुण्यात वेताळ टेकडीच्या पायथ्याशी आमचा गट आठवड्यातून चार दिवस पहाटे सव्वापाचला जमतो. मंगळवारी चढाच्या फेऱ्या, गुरुवारी टेंपो (म्हणजे दमवणाऱ्या पण टिकवता येईल अशा वेगाची धाव), शनिवारी गप्पा मारता येतील इतक्या संथ वेगाची धाव आणि रविवारी लांब पल्ला, असा साधारण क्रम असतो. वर वेताळाच्या देवळाशी पोहोचेपर्यंत उजाडते, जुन्या खाणीच्या बाजूने मोरांचे ओरडणे ऐकू येते, आणि तिथे दोन मिनिटे थांबल्याशिवाय कोणीही परत फिरत नाही. वर्षातून दोन-तीनदा आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड होतो. त्या चढाने मांड्यांना जी ताकद येते ती सपाट रस्त्यावर कितीही धावले तरी येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते सर्वांच्या आधी येऊन स्ट्रेचिंग करत उभे असतात आणि उशिरा येणाऱ्याला ‘काय, सूर्याला बरोबर घेऊनच आलात?’ असे विचारतात. एका तरुण मुलाचे घड्याळ चार्ज नसले की ‘मग आज तू धावलाच नाहीस रे बाबा’ असा निकाल सगळे मिळून देतात आणि चहाचे पैसे त्याच्याकडून घेतात. ही थट्टा आम्ही वर्षानुवर्षे करत आलो आहोत. ऑगस्टमध्ये तीच माझ्या बाबतीत खरी ठरली, तेव्हा मात्र गटातील एकही माणूस हसला नाही, याची नोंद मला येथे करावीशी वाटते.

मला ते प्रमाणपत्र मुंबई मॅरेथॉनसाठी हवे होते. २००४ पासून जानेवारी-फेब्रुवारीच्या दिवसांत होणारी ही शर्यत पूर्ण अंतराने, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, धावण्याचे मी दोन वर्षांपासून ठरवले होते. पूर्ण मॅरेथॉनच्या नोंदणीसाठी आधीच्या एखाद्या शर्यतीतील अधिकृत वेळेचा पुरावा जोडावा लागणार होता आणि जागा मर्यादित होत्या. माझ्याकडचे जुने प्रमाणपत्र मुदतीत बसत नव्हते. म्हणून पावसाळ्यातील ही अर्धमॅरेथॉन निवडली होती. तयारी व्यवस्थित झाली, शर्यतही व्यवस्थित झाली, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

आता ‘अपूर्ण’ का आले, ते सांगते, कारण हे मला स्वतःला तीन आठवड्यांनी कळले आणि प्रत्येक धावणाऱ्याला आधीच ठाऊक असायला हवे. बिबच्या, म्हणजे धावपटूच्या क्रमांकाच्या कागदाच्या, मागे वेळ नोंदवणारी जी चिप चिकटवलेली असते, तिच्यात बॅटरी नसते. रस्त्यावर अंथरलेल्या मॅटमधील अँटेना रेडिओ लहरी सोडतो, त्या लहरींच्या ऊर्जेवर चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. पाणी या लहरी शोषून घेते आणि धातू त्या परतवतो. अशा शर्यतीत मॅट साधारणपणे तीन ठिकाणी असते: आरंभरेषेवर, वळणबिंदूवर आणि शेवटच्या रेषेवर. वळणावरची नोंद मिळाली नाही, तर धावपटूने मधूनच वळून अंतर कमी केले असावे असा संशय धरला जातो आणि वेळ रोखली जाते. माझ्या आरंभीच्या आणि शेवटच्या नोंदी होत्या. वळणावर मात्र पावसाचा जोर वाढल्यामुळे मी विंडचीटर घालून चेन लावली होती आणि कमरेच्या पट्ट्यातील फोनची पिशवी सरकून नेमकी बिबवर आली होती. ओले कापड, त्यावर फोन, आणि त्याखाली चिप.

निकाल लागल्यावर तक्रारीचा ऑनलाइन अर्ज भरला. त्या अर्जात ‘आपली नेट वेळ’ (आपण स्वतः आरंभरेषा ओलांडल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतची वेळ) हा रकाना सक्तीचा होता. म्हणजे जी वेळ ते मला देत नव्हते, तीच मी त्यांना सांगायची होती. घड्याळातील वेळ लिहिली. छायाचित्र जोडण्याची मर्यादा एक एमबी होती, म्हणून छायाचित्र इतके लहान करावे लागले की बिबवरचा आकडा वाचता येईना. ७२ तासांत उत्तर मिळेल, असा संदेश लगेच आला. पाचव्या दिवशी दोन ओळींचे उत्तर आले: आमच्या नोंदीनुसार आपण वळणबिंदू पार केलेला नाही; निकाल अंतिम आहे.

हे वाचून मला जे वाटले, ते शब्दांत मांडणे अवघड आहे. यंत्राची नोंद चुकली, असे त्यांनी म्हटले असते तर मी समजून घेतले असते. या वाक्याचा सरळ अर्थ मात्र असा होतो की मी फसवणूक करून पदक घेतले. १४ वर्षांत मी एका चौकाचे अंतरही कधी वाचवलेले नाही.

घड्याळातील जीपीएसची संपूर्ण फाइल पाठवली. त्यावर ‘वैयक्तिक उपकरणाची नोंद ग्राह्य धरली जात नाही’ असे उत्तर आले. मग दूरध्वनी सुरू झाले. आयोजकांकडे विचारले की ते म्हणत, वेळेचे काम दुसऱ्या कंपनीकडे आहे, त्यांच्याशी बोला. त्या कंपनीत विचारले की ते म्हणत, आम्ही धावपटूंशी थेट बोलत नाही, आयोजकांमार्फत या. असे तीन वेळा झाले. (येथेच सांगते: प्रत्येक बोलण्याची तारीख, वेळ आणि समोरच्याने काय सांगितले ते वहीत लिहून ठेवावे. मी हे दुसऱ्या आठवड्यापासून सुरू केले. पहिल्या दिवसापासून करायला हवे होते.) अकराव्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा काढून आयोजकांच्या कार्यालयात गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद, आणि संबंधित व्यक्ती बाहेर गेलेली. सोळाव्या दिवशी पुन्हा गेले. त्या दिवशी संबंधित व्यक्ती होती, परंतु तिने माझे म्हणणे पूर्ण ऐकूनही घेतले नाही. ‘मॅडम, पदक मिळाले ना तुम्हाला? मग सर्टिफिकेट कशाला हवंय?’ असे तिने विचारले. मुंबईचे कारण सांगितल्यावर ‘पुढच्या वर्षी करा’ असा सल्ला मिळाला.

त्या आठवड्यात माझे धावणेही बिघडले. पहाटे उठत होते, पण पाय जड पडत होते. रविवारच्या लांब पल्ल्यानंतर आम्ही चहा आणि पोह्यांसाठी बसलो असताना काकांनी एक गोष्ट सांगितली. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये आपल्याकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. त्याच शर्यतीत सदाशिव दातारही होते आणि त्यांच्या नावापुढे शर्यत पूर्ण न केल्याची नोंद आहे. ‘त्या नोंदीला मान आहे, कारण ती खरी आहे,’ काका म्हणाले. ‘तुझी नोंद खोटी आहे, म्हणून ती राहू द्यायची नाही.’ आणि मग सहज बोलल्यासारखे पुढे म्हणाले, ‘अगं, वळणावर मी तुझ्या मागेच तर होतो. माझी वेळ नोंदली गेली आहे ना?’

हे आधी कोणालाच सुचले नव्हते. तिथल्या तिथे त्यांचा निकाल उघडला. शर्यत सुरू करणारी बंदूक वाजल्यापासून १ तास १४ मिनिटे ५२ सेकंदांनी त्यांनी वळणाची मॅट ओलांडली होती. तरुण मुलाने काकांचा बिब क्रमांक घालून शर्यतीची छायाचित्रे शोधली. वळणाच्या शंकूपाशी काका दिसत होते आणि त्यांच्या दोन पावले पुढे मी, निळ्या विंडचीटरमध्ये, पिशवीखालून बिबचे शेवटचे दोन आकडे दिसत असलेली. आरंभीच्या छायाचित्रात तोच विंडचीटर माझ्या कमरेला बांधलेला होता आणि पूर्ण क्रमांक स्पष्ट दिसत होता.

त्या रात्री मी एका पानाचे निवेदन तयार केले, आणि माझ्या मते सगळे काम त्या पानानेच केले. त्यात तक्रारीचा सूर ठेवला नाही. फक्त आकडे मांडले. बंदुकीनंतर ४ मिनिटे २७ सेकंदांनी मी आरंभरेषा ओलांडली, ही त्यांचीच नोंद होती. ११ किलोमीटरच्या वळणावर १:१४:५२ च्या सुमारास मी होते, हे काकांच्या नोंदीवरून आणि छायाचित्रावरून दिसत होते. शेवटची रेषा २:१९:०५ ला ओलांडली, हीदेखील त्यांचीच नोंद होती. म्हणजे पहिल्या भागाचा वेग किलोमीटरला सुमारे ६ मिनिटे २४ सेकंद आणि दुसऱ्या भागाचा सुमारे ६ मिनिटे २२ सेकंद. मधून वळून आलेल्या माणसाचा हिशोब इतका सरळ लागत नाही. खाली काकांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि स्वतःचा बिब क्रमांक लिहिला.

पंचविसाव्या दिवशी काका माझ्याबरोबर आले, तिन्ही मजले चढून. त्या दिवशी वेळेच्या कंपनीचा एक तरुण कर्मचारी योगायोगाने तिथे होता. त्याने ते पान उभ्या उभ्या वाचले, संगणकावर तीन आकडे पडताळले आणि दहा मिनिटांत ‘बरोबर आहे, मॅडम’ असे म्हणाला. चिप कशी चालते, ते त्यानेच समजावून सांगितले. पाऊस असलेल्या शर्यतीत अशा काही नोंदी सुटतात, हे त्याला ठाऊक होते. मग हे पहिल्याच उत्तरात का लिहिले नाही, या माझ्या प्रश्नावर तो गप्प राहिला. त्याच्यावर माझा राग नाही. तो एकटाच असा होता ज्याने कागद वाचला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त प्रमाणपत्र आले: नेट वेळ २ तास १४ मिनिटे ३८ सेकंद. मी ते आधी गटावर टाकले आणि मग मुंबईच्या नोंदणीला जोडले. जागा शिल्लक होत्या. ‘आता मान्य, तू धावलीस,’ असे त्या तरुण मुलाने लिहिले, आणि त्या आठवड्याचा सगळा चहा आनंदाने माझ्याकडून झाला.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. बिब छातीवर, सर्वांत वरच्या कपड्यावर, चारही कोपऱ्यांना पिन लावून ठेवावी. पट्ट्यावर नको, आणि तिच्यापुढे फोन तर मुळीच नको. चिप कधी दुमडू नये. मॅटवरून जाताना विंडचीटर उघडावा, भिजलो तरी चालेल. निकालाची तक्रार करण्याची मुदत थोडी असते, म्हणून निकाल त्याच दिवशी पाहावा. आपल्या आगेमागे कोण धावत होते, ते घरी गेल्यावर लिहून ठेवावे.

आयोजकांना मी एक पत्र दिले आहे. वळणावर एका स्वयंसेवकाने बिब क्रमांक हाताने टिपावेत आणि मधली नोंद नसलेल्या धावपटूपुढे चौकशीआधी ‘अपूर्ण’ न लिहिता ‘नोंद तपासणीत’ असे लिहावे, एवढ्या दोनच मागण्या त्यात आहेत. पत्राची पोच मिळाली आहे. उत्तरासाठी मी दर सोमवारी दूरध्वनी करते.