आठवड्याचे किती तास?

"बाबा, आजीला औषधे देणे आणि तिच्याशी गप्पा मारणे, याचे आठवड्याचे किती तास लिहू?" काल रात्री न्यू जर्सीतल्या एडिसन गावातल्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेल्या अकरावीतल्या लेकीने हे अगदी सहज विचारले.

कॉलेजचे अर्ज पुढच्या वर्षी भरायचे असले, तरी कॉमन अ‍ॅपच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक ऑनलाइन अर्जाच्या, रकान्यांचा सराव तिने आत्ताच सुरू केला आहे: जास्तीत जास्त १० उपक्रम, प्रत्येकाचे वर्णन १५० अक्षरांत, आणि सोबत आठवड्याचे तास व वर्षाचे आठवडे. कौटुंबिक जबाबदारी हाही त्यातला एक मान्य प्रकार आहे, हे मला ठाऊकच नव्हते.

तिने ७ लिहिले, खोडले, मग ४ लिहिले. जास्त तास लिहिले तर ते खोटे वाटतील, अशी तिची भीती.

आमच्या वेळी बारावीच्या टक्क्यांवर सारे ठरत असे आणि घरी तुम्ही कोणासाठी काय करता, हे कोणी विचारतही नसे. ते अन्यायाचे होते, असे मी आजवर मानत आलो. काल मात्र तेवढी खात्री राहिली नाही.

आता आईला सांगावे का, की नातीच्या यादीत ती आठव्या क्रमांकावर आहे?