वजनांच्या बेरजेत न सापडणारी उत्तरं

एका फेरीचे तीन मार्ग आहेत. खर्च आणि वेळ या क्रमाने त्यांचे आकडे: (2, 10), (10, 2), (7, 7). दोन्ही कमी हवेत. तिसऱ्याला कोणी डॉमिनेट करत नाही, म्हणजे दोन्ही आकड्यांत त्याच्याइतका किंवा कमी आणि निदान एकात कमी असा दुसरा मार्ग नाही, आणि माणसाला विचाराल तर तो बहुधा त्यावरच बोट ठेवेल. आता खर्च आणि वेळ यांना महत्त्वाप्रमाणे वजनं द्या (दोन्ही मिळून 1), आकड्यांना त्यांनी गुणा आणि बेरीज करा. निम्मं-निम्मं दिलं तर 6, 6 आणि 7. वजनं कशीही फिरवा, तिसऱ्याची बेरीज 7 च राहते आणि उरलेल्या दोघांपैकी एकाची 6 किंवा त्याहून कमी येते. वजनांचे 11 संच घ्या की 1,001, मधला मार्ग निघतच नाही.

अशी उत्तरंही शोधणाऱ्या पॅरेटो लोकल सर्च या पद्धतीत हाती एक उत्तर नसतं, अख्खं अर्काइव्ह असतं, म्हणजे एकमेकांना डॉमिनेट न करणाऱ्या उत्तरांचा साठा. त्यातलं न तपासलेलं एक उत्तर उचला, त्याचे सगळे शेजारी (एका छोट्या बदलाने मिळणारी उत्तरं) काढा, कोणीही डॉमिनेट न केलेले आत घ्या, त्यांनी डॉमिनेट केलेली जुनी काढून टाका, उचललेल्यावर खूण करा. न तपासलेलं काही उरलं नाही की थांबा. टू-ऑप्ट म्हणजे फेरीतल्या दोन कडा (दोन शहरांना जोडणारे दुवे) तोडून मधला तुकडा उलटा जोडणं; 100 शहरांच्या फेरीत त्याचे 4,850 शेजारी होतात, त्यामुळे यादृच्छिक उत्तरापासून सुरुवात करणं म्हणजे वेळेची नासाडी. आधी वजनांच्या बेरजेने काही चांगली उत्तरं काढा आणि मग त्यांच्यापासून हा शोध सोडा. वजनांचा खरा उपयोग इथे.

अर्काइव्ह खर्चाच्या चढत्या क्रमाने ठेवलं की वेळ आपोआप उतरत्या क्रमाने लागतो. नवं उत्तर आलं की बायनरी सर्चने (यादी दर वेळी निम्मी करत शोधून) त्याच्या लगेच आधीचं, म्हणजे खर्च त्याच्याइतका किंवा कमी असलेल्यांतलं शेवटचं, बघा. त्याचा वेळ नव्याइतका किंवा कमी असेल तर नवं बाद. ‘इतका’ विसरलात तर सारख्याच आकड्यांच्या फेऱ्या शिरत राहतात. ही बरोबरी नीट तपासता यावी म्हणून आकडे शक्यतो पूर्णांकच ठेवा.

टू-ऑप्टमध्ये दोन कडा बदलतात म्हणून फक्त चार आकड्यांचा हिशेब करायचा, ही सवय इथे नडते. अंतर दोन्ही दिशांनी सारखं असेलही, पण वेळ नसतो: घाट चढताना जास्त, उतरताना कमी. मधला तुकडा उलटला की त्याच्या आतल्या प्रत्येक कडेचा वेळ बदलतो. म्हणून सुलट आणि उलट अशा दोन्ही दिशांच्या चालत्या बेरजा आधीच साठवा. हा घोळ फार उशिरा लक्षात येतो, कारण प्रोग्राम कुठेही अडत नाही. नुसती उत्तरं चुकतात.

अर्काइव्ह फुगलं म्हणून गर्दीतली उत्तरं सरसकट उडवू नका. उडवलेलं उत्तर पुन्हा शेजारी म्हणून येतं, खूण नसल्याने पुन्हा तपासलं जातं, आणि शोध संपतच नाही. त्यापेक्षा आकड्यांच्या पटावर चौकटी आखा, चौकटीही एकमेकींना डॉमिनेट करतात असं धरा आणि एका चौकटीत एकच उत्तर ठेवा. तिथलं जुनं फक्त नव्याने डॉमिनेट केलं तरच हलवा.