सॉसेजशेजारचा आंबट कोबी

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी माणसाला इथल्या सॉसेजबद्दल विचारले तर 'बरे आहे, पण मिळमिळीत लागते' असे उत्तर हमखास मिळते, आणि साउअरक्राउटबद्दल, म्हणजे मिठात आंबवलेल्या कोबीबद्दल (थोडक्यात क्राउट), विचारले तर उत्तराआधी त्याचे तोंडच आंबट होते. स्टुटगार्टमध्ये बरीच वर्षे राहून आणि दोन्ही पदार्थ अगदी आवडीने खाऊन माझे असे मत झाले आहे की या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे हे पदार्थ एकमेकांपासून तोडून खाल्ले जातात. गोव्याच्या चोरीस या सॉसेजमध्ये व्हिनेगर, लाल मिरची आणि लसूण मांसातच मुरवलेली असतात, त्यामुळे पावात घातले की त्याला आणखी कशाची गरज उरत नाही. जर्मन सॉसेज मात्र जाणूनबुजून सौम्य ठेवलेले असते. त्यात मीठ, मिरी, जावित्री किंवा मार्जोरम नावाचा सुगंधी पाला एवढाच मसाला असतो, आणि तिखटपणाचे काम मोहरीच्या सॉसकडे, तर आंबटपणाचे काम शेजारच्या क्राउटकडे सोपवलेले असते. ज्याने नुसते सॉसेज खाल्ले त्याने अर्धेच ताट खाल्ले, असे मी म्हणेन.

हे सर्वांत चांगले कळते ते न्युर्नबर्गमध्ये. तिथले ब्राटवुर्स्ट, म्हणजे भाजायचे सॉसेज, फार तर आपल्या करंगळीएवढे, म्हणजे 7 ते 9 सेंटिमीटर लांब आणि 20 ते 25 ग्रॅम वजनाचे असते, मेंढीच्या बारीक आतड्यात भरलेले असते आणि त्यात मार्जोरमचा वास स्पष्ट येतो. युरोपीय संघाने 2003 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन दिल्यापासून शहराच्या हद्दीत तयार झालेल्या सॉसेजलाच हे नाव लावता येते. जुन्या शहरातल्या ब्राटवुर्स्टच्या खानावळींमध्ये बीचच्या लाकडाच्या विस्तवावर जाळी ठेवलेली असते आणि भाजणारा माणूस लांब चिमट्याने ओळीच्या ओळी उलटत असतो. मागणी नगांवर असते, सहा, आठ, दहा किंवा बारा. आणि कथिलाच्या ताटलीत एका बाजूला ही खरपूस सॉसेज, दुसऱ्या बाजूला क्राउटचा ढीग आणि कडेला किसलेले हॉर्सरॅडिश हे झणझणीत मूळ येते, जे नाकात असे चढते की मिरचीची आठवणच राहत नाही. ही सॉसेज इतकी लहान का, याची एक दंतकथा तिथे सांगतात की रात्री दरवाजे बंद झाल्यावर ती कुलपाच्या भोकातून गिऱ्हाइकाला देता यावीत म्हणून. दंतकथा गोड आहे, पण मला तिच्यापेक्षा त्या आकाराचा फायदा महत्त्वाचा वाटतो, कारण सॉसेज बारीक असल्यामुळे आतल्या मऊ भागाच्या मानाने बाहेरचा भाजलेला भाग जास्त मिळतो.

थुरिंगिया या मध्य जर्मनीतल्या राज्याचे लोक हे ऐकून घेणार नाहीत. त्यांचे ब्राटवुर्स्ट 15 ते 20 सेंटिमीटरचे असते, आणि आर्नश्टाट येथील एका मठाच्या 1404 सालच्या हिशेबात ब्राटवुर्स्टच्या आतड्यांवर झालेल्या खर्चाची नोंद आहे, हे ते आवर्जून सांगतात. म्युनिकचे पांढरे वाइसवुर्स्ट ही आणखी वेगळी जात. वासराचे मांस, लिंबाची साल आणि पार्सली घातलेले हे सॉसेज उकळत्या नव्हे तर नुसत्या गरम पाण्यात ठेवून गोड मोहरी आणि ब्रेट्झेल या वेटोळ्या पावाबरोबर, तेही परंपरेनुसार दुपारी बाराच्या आत खातात. त्याच्याबरोबर क्राउट मागणे म्हणजे बव्हेरियात स्वतःचे हसे करून घेणे होय. बर्लिनच्या करीवुर्स्टविषयी मात्र मी फार बोलणार नाही. हेर्टा हॉयवर या बाईंनी 4 सप्टेंबर 1949 रोजी आपल्या टपरीवर टोमॅटोच्या सॉसमध्ये करी पावडर मिसळून ते प्रथम विकले असे मानतात, पण ती पिवळी पावडर पाहून ओळख पटवण्याची सक्ती भारतीय माणसावर नसावी.

स्टुटगार्टचे स्वतःचे सॉसेज म्हणजे 'रोटे'. हे बारीक वाटलेल्या मांसाचे, हलका धूर दिलेले, तांबूस रंगाचे सॉसेज असते, आणि त्याच्या दोन्ही टोकांना भाजण्याआधी फुलीच्या आकाराचा छेद दिलेला असतो. विस्तव लागला की ती टोके फुलासारखी उलगडतात आणि कडा कुरकुरीत होतात. जत्रेत आणि फुटबॉलच्या मैदानाबाहेर ते लहान पावात घालून उभ्याउभ्या खातात. घरी करायचे असेल तर मी ते आमच्या गल्लीतल्या खाटकाकडून आणतो, जिथे काउंटरमागच्या बाई माझ्या मुलीला न विचारता लियोनर सॉसेजची एक चकती हातावर ठेवतात, कारण मांसाच्या दुकानात आलेल्या मुलाला तेवढा मान द्यायचाच असतो. याच दुकानात मी कोणत्या सॉसेजमध्ये कोणते मांस आहे हेही विचारून घेतो. गोमांस न खाणाऱ्या मित्रांना माझे सांगणे आहे की न्युर्नबर्गचे सॉसेज डुकराच्या मांसाचेच असते, पण रोटेमध्ये पुष्कळदा दोन्ही मांसे असतात, म्हणून विचारायला संकोच करू नये.

आता क्राउटकडे वळतो, कारण खरा जीव तिथे आहे, आणि स्टुटगार्टकर म्हणून त्याबाबतीत मी थोडा पक्षपातीही आहे. शहराच्या दक्षिणेला फिल्डर नावाचे पठार आहे. आमचा विमानतळही त्याच पठारावर आहे, आणि धावपट्टीपासून थोड्याच अंतरावर कोबीची शेते दिसतात. इथला खास कोबी गोल नसतो, तर टोकदार असतो. त्याला श्पिट्झक्राउट म्हणतात. त्याची पाने पातळ, शिरा नाजूक आणि चव गोडसर असते, त्यामुळे त्याचा क्राउट मऊ होतो. पण हे टोकदार गड्डे यंत्राला झेपत नाहीत, हाताने कापावे लागतात, आणि म्हणून कारखान्यांनी गोल, टणक कोबीला पसंती दिली. तरी हा कोबी टिकून आहे. त्यालाही युरोपीय मानांकन मिळाले आहे आणि दर ऑक्टोबरमध्ये लाइनफेल्डन-एश्टरडिंगन येथे त्याचा उत्सव भरतो, ज्यात लोक मोठ्या किसणीवर कोबी चिरण्यापासून क्राउटचे चटकदार पदार्थ खाण्यापर्यंत सारे काही करतात.

क्राउट करण्याची कृती इतकी साधी आहे की तिच्यावर विश्वास बसत नाही. कोबी बारीक चिरायचा, वजनाच्या सुमारे दोन टक्के मीठ, म्हणजे 10 किलोला 200 ग्रॅम, लावायचे आणि पाणी सुटेपर्यंत हाताने किंवा मुसळाने चांगला दाबायचा. मग मातीच्या बरणीत ठासून भरून, वर वजन ठेवून तो आपल्याच पाण्यात बुडवून ठेवायचा. हवा लागली नाही की पानांवर मुळातच असलेले जिवाणू कोबीतल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करू लागतात. पहिल्या काही दिवसांत एक प्रकारचे जिवाणू बुडबुडे काढत काम करतात, आंबटपणा वाढल्यावर ते मागे पडतात आणि अधिक आम्ल सहन करणारे दुसरे त्यांची जागा घेतात. व्हिनेगरचा थेंबही न घालता चार ते सहा आठवड्यांत बरणीतून तो स्वच्छ, तरतरीत आंबट वास यायला लागतो. डब्यातला क्राउट थंडच ताटात वाढून घेणाऱ्यांना हा वास कधी भेटतच नाही, त्यामुळे त्यांचे मत मी फारसे मनावर घेत नाही.

क्राउट शिजवतात कसा, हे मला श्वाबियातल्या, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या प्रदेशातल्या, बेझनविर्टशाफ्ट या हंगामी खानावळीत कळले. द्राक्षबागायतदाराला वर्षातून चार महिन्यांपर्यंत, चाळीस जणांच्या आतल्या जागेत, स्वतःची वाइन आणि साधे जेवण विकायची मुभा असते, आणि दारावर झाडू टांगला की खानावळ सुरू आहे असे समजायचे. आत लांब बाकांवर अनोळखी लोक सरकून जागा करून देतात, भिंतीवर कोट टांगलेले असतात, आणि समोर ट्रोलिंगर वाइनचा कानाचा पेला व श्लाख्टप्लाटे येते: रक्ताचे आणि यकृताचे सॉसेज, उकडलेले मांस आणि मधोमध क्राउट. हा क्राउट डुकराच्या चरबीत कांदा परतून, त्यावर वाइन ओतून, जुनिपरची फळे आणि लॉरेलचे पान घालून तासभर मंद शिजवलेला असतो, आणि काही ठिकाणी दाटपणासाठी त्यात कच्चा बटाटाही किसतात. एवढे मेद ताटात असताना तो जड का वाटत नाही, याचे उत्तर प्रत्येक घासाबरोबर मिळते. शाकाहारी मंडळींनी मात्र इथे सावध राहावे, कारण ताटात सॉसेज नसले म्हणून क्राउटमध्ये चरबी किंवा बेकन नाही असे होत नाही.

आंबटाची ही आवड श्वाबियात इतकी खोल आहे की इथले मसुराचे वरण, जे श्पेत्झले या पिठाच्या तुकड्यांबरोबर आणि झाइटन नावाच्या पातळ सॉसेजबरोबर खातात, त्यातही व्हिनेगरचा चमचा वरून पडतो. ते मी पहिल्या दिवसापासून घरच्या ताटासारखेच खात आलो आहे.

माझ्या आईसाठी, जी मांस खात नाही, मी क्राउट लोण्यात परततो आणि पाण्याऐवजी सफरचंदाचा रस घालतो. त्यासोबत शुप्फनुडल्न, म्हणजे बटाट्याच्या पिठाचे बोटाएवढे तुकडे, परतून देतो. उरलेला क्राउट दुसऱ्या दिवशी गरम केला की पहिल्यापेक्षा चांगला लागतो, म्हणून मी मुद्दामच जास्त करतो, आणि मग त्या दुसऱ्या दिवशीच्या क्राउटवर दोन रोटे भाजून ठेवतो.