फेरीबोटीच्या चढावर फुटलेली टाकी

बाणकोटच्या खाडीला ओहोटी लागलेली. बागमांडल्याहून सुटलेली फेरीबोट वेशवीला टेकली, आमच्या गाडीची पुढची चाकं जेट्टीच्या चढावर चढली आणि मागून खर्रर्र आवाज आला. बोटीवरचा माणूस ओरडला, "वहिनी, काहीतरी सांडतंय!" सांडत होतं ते भांडी धुतलेलं पाणी. मागच्या चाकांच्याही मागे, गाडीच्या पोटाखाली सांडपाण्याची टाकी लावायची ही कल्पना माझीच.

गाडी म्हणजे जुनी तेरा सीटर ट्रॅव्हलर, आतच राहता-झोपता-रांधता यावं म्हणून आम्ही बदलून घेतलेली. माणसं पाच: आम्ही दोघं, अकरा वर्षांची थोरली, सहा वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. डिसेंबरातले सहा दिवस. पुण्याहून ताम्हिणीने माणगाव, हरिहरेश्वर, केळशी, दापोली, मग दाभोळ-धोपावे फेरीने गुहागर, पुढे हेदवी, तवसाळहून फेरीने जयगड आणि गणपतीपुळे. परत येताना आंबा घाट आणि कोल्हापूर. समुद्राबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी गाडीबद्दल सांगते.

प्लाय कापण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मास्किंग टेपने गाडीचा आराखडा आखला आणि पाचही जणांना त्यात झोपवलं. वॉचमनला वाटलं, घरात भांडण झालंय. पण त्या अर्ध्या तासात कळलं की सासूबाई रात्री दोनदा उठतात आणि आमच्या पहिल्या आराखड्यात त्यांना तिघांना ओलांडून जावं लागलं असतं. म्हणून त्यांची बैठी खाट दाराशेजारी लांबीत घेतली आणि पायथ्याशी पोर्टेबल टॉयलेटचा खोका ठेवला. मागे आडवा पलंग दोन मजली: वर मुलं, खाली आम्ही. नवरा पावणेसहा फूट, आडवा मावत नाही. तो तिरका झोपतो आणि मी उरलेल्या त्रिकोणात.

सुताराला एल आकाराचा सोफा करायचा होता. दिसायला छान, पण पट्टा कशाला लावणार? आम्ही जमिनीला बोल्ट केलेल्या, पुढे तोंड असलेल्या तीन मूळ सीटा पट्ट्यांसकट ठेवल्या. गाडी चालू असताना पलंगावर कुणीही नाही, धाकट्याने कितीही भोकाड पसरलं तरी.

वजनाचा हिशेब आधी करा. 18 मिमीच्या आठ बाय चार प्लायचा एक ताव साधारण 35 किलो भरतो. आमच्या पहिल्या यादीत असे सहा ताव होते, म्हणजे चालवायला बसण्याआधीच दोनशे किलो! शेवटी 12 मिमीवर आलो आणि चौकटी अॅल्युमिनियमच्या केल्या. 60 लिटर पाण्याची टाकी, म्हणजे आणखी 60 किलो, मागच्या अॅक्सलवर घेतली. ड्रॉवर मात्र हौसेने केले. ताम्हिणीच्या तिसऱ्या वळणावर ते उघडले आणि चमचे, चिमटा, लाटणं सगळं सासूबाईंच्या पायाशी. आता भाजीचे क्रेट आणि वरून इलॅस्टिकची दोरी. ड्रॉवर हवेच असतील तर दाबल्याशिवाय न सुटणारी कडी बसवा, चुंबकावर विसंबू नका.

बॅटरी 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची (एएच) लिथियम, म्हणजे जेमतेम 1,280 वॉट-तास. 45 वॉटचा फ्रिज निम्मा वेळ चालला तरी दिवसाला 540 खातो. दोन छोटे पंखे, दिवे, मोबाइल धरून आमचे 900 होतात. इंडक्शनचा विचार तिथेच संपला. स्वयंपाक पाच किलोच्या सिलिंडरवर, तोही दार उघडं ठेवून. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर तळाशी साठतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या तळाला गाडीबाहेर उघडणारी जाळी हवीच.

सोलर पॅनेल 300 वॉटचं आहे. केळशीला ज्यांच्या वाडीत गाडी लावली तिथे माड इतके दाट की पॅनेलवर ऊन पडलंच नाही, आणि माडाच्या बरोबर खाली लावावं तर नारळाची धास्ती. इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर होता म्हणून निभावलं. कोकणात जाणार असाल तर आधी तो घ्या, पॅनेल नंतर. मुक्कामाला पुळणीवर गाडी घालू नका, रुतते. घरगुती राहण्याची सोय असलेल्यांना अंगण विचारा. पैसे ठरवून द्यायचे आणि सकाळी त्यांचीच मोरी वापरायची. केळशी-आंजर्ल्याच्या गल्ल्यांत जांभ्याचे गडगे दोन्ही बाजूंनी अंगावर येतात. आधी पायी जाऊन बघा.

आरटीओचं काम सुतारकामाच्या आधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या रचनेत मनाने फेरफार करता येत नाही. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

आणि फेरीला शक्यतो भरतीच्या सुमारास जा, जेट्टीचा चढ तेव्हा सौम्य असतो. दापोलीत एका गॅरेजवाल्याने फुटकी टाकी वीस मिनिटांत सोडवून दिली. तेव्हापासून सिंकच्या खाली झाकणाची बादली आहे. बादली त्यांनी टेप लावायच्या दिवशीच सुचवली होती, हे सासूबाईंनी गुहागर येईपर्यंत तीनदा ऐकवलं.